४१ तास: कुडाळच्या एका मेडिकलमध्ये मिळालेली मदत

हे लिहू की नको, यात चार महिने गेले. पण कंडोम फाटल्यावर घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीसाठी धडपडले, त्या तीन दिवसांत मी मोबाइलवर मराठीत शोधत होते तेव्हा एकतर जाहिराती सापडत होत्या, नाहीतर घाबरवणारे लेख. आपल्यासारख्याच गावातल्या कुणी बाईने, मी अशी गेले, असं विचारलं, एवढे पैसे लागले, असं सांगितलेलं कुठे मिळालं नाही. म्हणून तारखांसकट लिहिते.

आम्ही मालवणपासून थोडं आत, एका गावात राहतो. नवरा मुंबईला कंपनीत आहे. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिना अशी त्याची येण्याची चार निमित्तं. घरी मी, सासूबाई, सासरे आणि आमचा मुलगा. तो तेव्हा आठ महिन्यांचा होता.

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले, सहा दिवसांनी घर शांत झालं. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या लक्षात आलं की कंडोम फाटला आहे. थोडाथोडका नाही, पूर्ण. नवरा म्हणाला, काही होणार नाही, तू अजून पाजतेस ना. मलाही क्षणभर तसंच वाटलं. आमच्याकडे सगळ्या बायका तेच सांगतात, ‘जवसर पोर अंगार पिता, तवसर काय होना नाय.’ पण ऑगस्टमध्ये माझी पाळी परत सुरू झाली होती आणि सप्टेंबरची १ तारखेला येऊन गेली होती. बाळंतपणानंतर पाळी आली म्हणजे आता दिवस राहू शकतात, एवढं माहीत होतं. माझं बाळंतपण सिझेरियनचं. इतक्या लवकर दुसऱ्यांदा तेच पोट उघडायचं, या विचाराने त्या रात्री मी झोपले नाही.

शुक्रवारी १३ तारखेला पहाटे नवरा निघाला. दोन महिने आधी मिळवलेलं रिझर्वेशन, रजा संपलेली. जाताना त्याने माझ्या हातात पाचशे रुपये ठेवले आणि म्हणाला, गोळी घे. कुठली, कुठून, कशी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. याबद्दल नंतर आमचं बोलणं झालं, ते पुढे सांगते.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास बाजारातल्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर सात-आठ माणसं. सणानंतरचे दिवस, कुणाला खोकला, कुणाचं पोट बिघडलेलं. दुकानातला मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, सगळ्यांशी मोठ्याने बोलणारा. माझा नंबर आला आणि त्याने विचारलं, ‘काय होया ताई?’ तेवढ्यात मागून आमच्या वाडीतल्या काकी म्हणाल्या, ‘काय गो, बाळ बरा असा मां?’ मी डायपरचं पुडकं मागितलं, पैसे दिले आणि बाहेर पडले. घरी डायपर होतेच. घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडले.

शनिवारी सकाळी दुसऱ्या दुकानात गेले. तिथे गर्दी नव्हती, पण बाहेर बाकावर सासऱ्यांच्या ओळखीचे दोघे बसलेले. मी आवाज अगदी खाली आणून म्हटलं, ‘पाळीची गोळी आहे का?’ ‘गर्भ’ हा शब्द त्या काउंटरवर माझ्या तोंडून निघेना. त्याने काही विचारलं नाही. मागे वळला, एक पाकीट काढलं, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून दिलं. पासष्ट रुपये. मला तर हायसं वाटलं की काही विचारलं नाही.

घरी येऊन कागद सोडला. आत दहा गोळ्यांची पट्टी, मागच्या बाजूला लाल रेघ. मी एकच गोळी असते असं वाचलं होतं, आणि इथे दहा. नाव वाचलं, नोरेथिस्टेरॉन. मोबाइलवर बघितलं तेव्हा कळलं, ही पाळी पुढे ढकलायची गोळी. गणपतीच्या आधी आणि गौरीच्या दिवसांत आमच्याकडे निम्म्या बायका हीच घेतात, सोवळ्यातलं करायचं असतं म्हणून. मी ‘पाळीची गोळी’ म्हटलं आणि त्याने सणातल्या सवयीने तीच दिली. दोष मी त्या मुलालाही पूर्ण देत नाही. पण त्याने एक प्रश्न विचारला असता, ‘कशासाठी होया?’ एवढाच, तर माझे सहा तास वाचले असते. आणि मी ती न वाचता गिळली असती, तर तिसरा दिवस उलटून गेल्यावर कळलं असतं.

त्यावेळी दुपारचे साडेबारा झाले होते. मी बोटांवर मोजलं, सदतीस तास. बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी चांगली, हे दोन्ही मी तोवर वाचलं होतं. मालवणात तिसऱ्या दुकानात जायचं धैर्य उरलं नव्हतं. कुडाळला माझी मावशी राहते. सासूबाईंना म्हटलं, मावशीकडे करंज्या-लाडू देऊन येते, उद्या परत येईन. त्यांनी डबा भरून दिला, वर नारळ दोन दिले. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण खरं सांगायची तयारी त्या दिवशी नव्हती.

मालवण–कुडाळ एसटी, धामापूरच्या तळ्यावरून जाणारी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाऊन-येऊन सत्तर रुपयांच्या आत झालं. मुलगा मांडीवर झोपला. पावसाने तळं काठोकाठ होतं आणि मी खिडकीतून बघत तास मोजत होते.

तीनच्या सुमारास उतरले तर दुकानं बंद. दुपारी एक ते चार आपल्याकडे निम्मा बाजार झोपतो, हे घाईत विसरले होते. तुम्ही असंच दुसऱ्या गावी जाणार असाल तर ही वेळ धरून निघा, आणि रविवारी जाणार असाल तर दुकान उघडं असतं का ते आधी विचारून घ्या. मी स्टँडवर बसले, मुलाला केळं भरवलं.

चारनंतर मागच्या गल्लीत एक मेडिकल उघडताना दिसलं. शटर वर करणारी बाई पन्नाशीची, साडीवर पांढरा कोट. आत गेले तेव्हा भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र लावलेलं होतं आणि त्यावर तिचाच फोटो होता. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी पिशवीतून ती लाल रेघेची पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, ‘मॅडम, मला ही चुकून मिळाली. मला दुसरी हवी होती.’

तिने पट्टी उचलली, उलटसुलट बघितली. पहिला प्रश्न, ‘यातली घेतलंस काय?’

‘नाही.’

‘बरा केलंस. ही पुढे ढकलूची. तुका कसली होई?’

मी मुलाच्या टोपीची नाडी बांधत राहिले. तिने काउंटरची फळी वर केली आणि म्हणाली, ‘आत ये गो बाय, बस. भिया नको.’ औषधांच्या कपाटामागे एक स्टूल, एक टेबल, भिंतीवर कॅलेंडर. तिथे बसल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं. कंडोम, पाळी, सिझेरियन, नवरा गेला, सगळं.

मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. शब्द आणि आवाज असे की सर्दी-खोकल्याचं विचारतेय.

किती तास झाले? मी म्हटलं, गुरुवारी रात्री साडेअकरा. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, ‘एक्केचाळीस. अजून वेळ आसा.’ शेवटची पाळी कधी आली? कॅलेंडरवर १ सप्टेंबरवर बोट ठेवून तिने पुढे मोजलं आणि म्हणाली, नेमके धोक्याचे दिवस आहेत, घ्यायलाच हवी. यापूर्वी याच महिन्यात असं कधी झालं होतं का? नाही. दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, टीबीची, फिट्सची? हे का विचारता, असं मी म्हटलं. ती म्हणाली, रिफाम्पिसिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन असली औषधं चालू असली तर या गोळीचा असर कमी होतो, मग मी गोळी न देता डॉक्टरकडे पाठवते. माझं वजनही विचारलं. सत्तर किलोच्या वर असेल तर गोळी कमी पडू शकते, अशांना ती गर्भाशयात बसवायच्या तांबीचं आधी सांगते. मी बावन्न.

बाळ किती महिन्यांचं? पाजतेस? मला हीच भीती होती की आता दूध बंद कर म्हणणार. ती म्हणाली, बंद करायची गरज नाही. मनाला बरं वाटावं म्हणून आत्ता आधी पाज, मग गोळी घे. आणि तिने स्वतः उठून समोरचा पडदा ओढला.

मी पाजत असताना तिने आणखी एक विचारलं, जे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. ‘तेल लावलेलात काय?’

आम्ही खोबरेल वापरलं होतं. बाळंतपणानंतर मला फार कोरडं व्हायचं, दुखायचं. घरात खोबरेल नाही असं कोकणात घर नाही. तिने मान हलवली. कंडोमचं रबर तेलाने कमकुवत होतं आणि फाटतं, खोबरेल असो, व्हॅसलीन असो की तूप. पाण्याचं जेल मिळतं, ते वापरायचं. पाजत असताना शरीरातलं एक हार्मोन कमी असतं म्हणून कोरडं होतं, तो काही आजार नाही, असंही तिने सांगितलं. शिवाय पाकीट कुठे ठेवलं होतं, ते विचारलं. नवऱ्याच्या पैशांच्या पाकिटात, किती महिने कुणास ठाऊक. खिशातल्या उष्णतेनेही ते खराब होतं, आणि तारीख बघायची असते. आठ महिने मी दुखणं सहन करत होते आणि ते कुणाला सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. त्या पडद्याआड मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या शरीराबद्दल कुणीतरी माझ्याशी सरळ बोलतंय.

मग तिने दोन रस्ते सांगितले. एक गोळी, लेव्होनॉर्जेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एकदाच घ्यायची. २००५ पासून ही आपल्या देशात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे कुणी चिठ्ठी मागितली तर लागत नाही म्हणून सांगायचं. दुसरा रस्ता तांबी, म्हणजे कॉपर टी. ती पाच दिवसांच्या आत बसवली तर गोळीपेक्षाही खात्रीची, आणि पुढची काही वर्षं काळजी मिटते. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. पण उद्या रविवार, सोमवारी ईद, मंगळवारी अनंत चतुर्दशी. बसवणारं कुणी भेटेपर्यंत माझे पाच दिवस संपले असते. मी गोळी म्हटलं.

गोळी छोटी, पांढरी, मुलाच्या शर्टाच्या बटणापेक्षा लहान. एकशे दहा रुपये. तिने स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं आणि तिथेच घ्यायला सांगितली. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. घेतल्यावर तिने एका कोऱ्या चिठ्ठीवर तारीख आणि वेळ लिहून दिली, दुकानाचं नाव नसलेल्या. घरी सापडली तर कुणाला काही कळू नये, हा विचार तिनेच केला होता.

‘आता लगेच एसटीत बसा नको,’ ती म्हणाली. दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पडून जाते आणि परत घ्यावी लागते. वळणांच्या रस्त्याने मला मळमळतंच. मी मावशीकडे राहणार होते, म्हणून बरं. तुम्हीही गोळी घेतल्यावर दोन-तीन तास प्रवास टाळता आला तर टाळा.

निघताना मी मनातला सगळ्यात जड प्रश्न विचारला. हे पाडण्यासारखंच आहे का? माझ्यावर देवाधर्माचे संस्कार आहेत, नुकतीच गौर पोचवली होती. ती घाईने नाही म्हणाली नाही, खाली बसून समजावलं. ही गोळी अंडं बाहेर पडणं लांबवते. अंडंच मिळालं नाही तर गर्भ तयार होत नाही. आधी राहिलेला गर्भ हिने पडत नाही, त्याला इजाही होत नाही. पाडायच्या गोळ्या वेगळ्या, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात आणि कुणी काउंटरवरून देत असेल तर घ्यायच्या नसतात. समजा पुढे टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर घाबरून भलतं काही न घेता सरळ डॉक्टरकडे जायचं. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधाचं साधन निकामी झालं हे कारण कुठल्याही बाईला सांगता येतं, लग्न झालेलं असो वा नसो. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

तिने दोन टेस्ट किट दिले, पन्नास-पन्नास रुपयांचे. ३ ऑक्टोबरच्या आधी करू नको, म्हणाली. त्या रात्रीपासून तीन आठवडे व्हायला हवेत, नाहीतर खोटा निर्वाळा मिळतो. पाळी आठवडाभर पुढेमागे होऊ शकते, मध्ये डाग दिसू शकतात. पोटात एका बाजूला फार दुखलं, चक्कर आली तर मात्र थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि या गोळीने पुढच्या दिवसांचं संरक्षण होत नाही, ती दर महिन्याची सवय करायची गोळी नव्हे.

मी तिचे आभार मानले तेव्हा ती म्हणाली, हे आमचं कामच आहे. नंतर शोधलं तेव्हा कळलं, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं आणि त्याची माहिती गुप्त ठेवणं हे फार्मासिस्टच्या कामात धरलेलं आहे. म्हणून आता कुठल्याही दुकानात गेले की काउंटरवरच्या मुलाशी न बोलता मी आधी विचारते, ‘फार्मासिस्ट आहेत का? त्यांच्याशी बोलायचं आहे.’ हे वाक्य म्हणायला जड जात नाही, आणि बाकावरच्या माणसांना त्यातून काही कळतही नाही. तोंडाने सांगणं अगदीच अशक्य वाटलं तर मोबाइलवर टाइप करून दाखवा, ‘इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी हवी, इतके तास झाले.’ ‘पाळीची गोळी’ म्हणू नका. पाळीच्या गोळ्या वेगवेगळ्या प्रकारच्या असतात.

त्या रात्री मावशीकडे थोडं मळमळलं, डोकं दुखलं. उलटी झाली नाही. मावशीला सांगितलं नाही, पण तिने आलं घालून चहा दिला आणि मुलाला रात्रभर आपल्याजवळ घेतलं. कदाचित कळलं असेल.

पुढचे तीन आठवडे वाट बघण्यात गेले. २० सप्टेंबरला दोन दिवस डाग दिसले, मला वाटलं पाळीच आली, पण थांबलं. तेव्हा म्हाळ लागलेले होते. घरात स्वयंपाक, जेवणावळी, आणि माझं लक्ष सगळं शरीराकडे. छाती जड वाटली की भीती, वासाने मळमळलं की भीती. २९ तारीख गेली, पाळी नाही. नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला, तुला एकटीला पाठवायला नको होतं, मी त्या दिवशी गाडी सोडायला हवी होती. त्याने हे म्हटल्यावर माझा राग बराच उतरला.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना. पहाटे पाचला, सासूबाई उठायच्या आत, सकाळची पहिली लघवी वाटीत घेतली. किटसोबत छोटा ड्रॉपर असतो. तीन थेंब त्या गोल खळग्यात. पांढऱ्या खिडकीतून जांभळट ओल हळूहळू वर सरकत गेली, ‘सी’पाशी रेघ उमटली. ‘टी’पाशी काही नाही. मी मोबाइलवर पाच मिनिटं लावली होती. न्हाणीघरात चुलीचा धूर भरलेला, बाहेर कोंबडा आरवत होता, आणि मी त्या ‘टी’कडे बघत होते. पाच मिनिटं झाली. रेघ एकच, म्हणजे दिवस राहिले नव्हते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर बघत बसू नका, उशिरा फिकट रेघ आल्यासारखी वाटते आणि जीव उगाच टांगणीला लागतो. मी किट कागदात गुंडाळून चुलीत टाकलं. आता वाटतं, प्लास्टिक होतं, जाळायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मुलाला दाखवायचं निमित्त करून आरोग्य केंद्रात गेले. केसपेपरलाही पैसे लागले नाहीत. दीड तास बसावं लागलं. सिस्टरने प्रेशर घेतलं आणि सगळे पर्याय सांगितले. अंतरा म्हणजे तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, पण बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तांबी पाच वर्षांची आणि दहा वर्षांची. माला-एन रोज एक. आणि छाया, आठवड्याची गोळी. छायात हार्मोन नसतं, लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं औषध आहे, पाजणाऱ्या बाईला चालतं. पूर्वी कावीळ झाली होती का, अंडाशयात गाठी आहेत का, एवढं डॉक्टरांनी विचारलं. मी छाया घेतली. नवरा वर्षातून चारदा येतो म्हणून रोजची गोळी मला जास्त वाटत होती, आणि तांबीला अजून मन तयार नव्हतं.

तिथेच आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे सरकारी आशा स्वयंसेविका, भेटल्या. नात्याने त्या सासूबाईंची भाची लागतात, म्हणून मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. बाहेर पायरीवर बसून मी त्यांना सप्टेंबरचं सगळं सांगितलं. त्यांनी आपली पिशवी उघडून दाखवली. आत कंडोम, माला-एन, दिवस राहिलेत का ते बघायचं निश्चय किट आणि ती गोळी, सरकारी पुरवठ्याची, दोन रुपयांची. आमच्या घरापासून त्यांचं घर चार मिनिटांच्या अंतरावर आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, ‘माका एक हाक मारलंस असतंस तर.’ मी काय बोलणार? त्यांनी आजवर माझं काहीही सासूबाईंना सांगितलेलं नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

६ ऑक्टोबरला रविवारी पाळी आली. छायाची पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची, त्यामुळे माझे वार ठरले, रविवार आणि बुधवार. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन, मग आठवड्याला एकच, पहिल्या वाराची. पाकिटात आठ गोळ्या. मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या खुणांशेजारी एक बारीक टिंब करते. विसरलं तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम वापरायचा. सात दिवसांच्या वर गेलं तर पुन्हा पहिल्यापासून.

दिवाळीत नवरा आला तेव्हा मुंबईहून नवीन पाकीट आणि पाण्याचं जेल स्वतः घेऊन आला. दुखलं नाही. नोव्हेंबरची पाळी चौदा दिवस लांबली, तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला. दुसरा किट त्यावेळी उपयोगी पडला, एकच रेघ. सिस्टर म्हणाल्या, सुरुवातीला छायाने पाळी लांबते, पंधरा दिवसांच्या वर गेली तर मात्र ये. १७ नोव्हेंबरला आली.

खर्चाचं विचाराल तर, चुकीच्या गोळीचे पासष्ट, बरोबर गोळीचे एकशे दहा, किट शंभर, एसटीचे सत्तरच्या आत. पुढचं सगळं फुकट.

डिसेंबरात कुडाळला गेले होते तेव्हा त्या मेडिकलमध्ये गेले. ती दुसऱ्या एका मुलीशी पडद्याआड बोलत होती, म्हणून बाहेर थांबले. बाहेर आल्यावर तिने मला ओळखलं, पण काही विचारलं नाही, मुलाला उचलून घेतलं फक्त. मीच सांगितलं, एकच रेघ आली. तिने मुलाच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, ‘ह्येका दात इले मां?’

जानेवारीपासून रविवारची एकच गोळी. १६ फेब्रुवारीला पाचवं पाकीट फोडलं. शिमग्याला नवरा येईल त्याच्या आधी सहावं आशाताईंकडून आणून ठेवायचं आहे.